बंद पाकिटाचं वजन

१९७४ साली मी एकतीस वर्षांचा होतो आणि नागपुरात इतवारीच्या सराफ्यात डागिने उजळायचं काम करत होतो. शाळा चौथीपर्यंत. पुढे मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात दोन मतं होती. पण हात माझा चांगला होता, यावर गल्लीत एकच मत होतं. काळा पडलेला हार सकाळी माझ्याकडे आला, तर संध्याकाळी नवरीच्या गळ्यात घालावा असा होऊन जायचा. ही बढाई नाही. पुढचं समजायला हे माहीत असावं लागतं, म्हणून सांगितलं.

उजळणाऱ्या माणसावर सराफ्यात कोणाचा पुरा भरवसा नसतो. रिठ्याच्या पाण्यात डागिना उकळला, ब्रश मारला, की सोनं कणभर झिजतंच. ते आपोआप झिजलं की कारागिरानं झिजवलं, हे कोण सांगणार? म्हणून डागिना माझ्याकडे येण्याआधी आणि माझ्याकडून गेल्यावर धरमकाट्यावर तोलला जायचा. धरमकाटा म्हणजे ज्यावर ट्रक उभे करतात तो नव्हे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली होती. खोलीत काचेच्या पेटीत एक तराजू, आणि तराजूमागे एक माणूस. देणाऱ्याचाही तो कोणी नाही, घेणाऱ्याचाही नाही. तो सांगेल ते वजन. त्याच्यापुढे बोलणं नाही.

त्यांना सारी गल्ली काटेवाले काका म्हणायची. त्यांचं नाव काय हे मी तेव्हाही विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

अंगानं वाळके, डोक्यावर कापडी टोपी, आणि हातात नेहमी चिमटा. चिमटा हा त्यांचा तिसरा हात होता म्हणा ना. सोन्याला बोट लावायचं नाही, कारण बोटाला घाम असतो आणि घामाला वजन असतं. तोलायच्या आधी दार लावायचं, पंखा बंद, कूलर बंद. मग समोरच्या माणसाला सांगायचे, "तोंड तिकडं करा." म्हणजे श्वास तराजूवर जायला नको. मे महिन्यात, बापा, त्या खोलीत चार माणसं भिंतीकडे तोंड करून घाम गाळत उभी असायची आणि काका आरामात वजनं ठेवत असायचे. बाहेरच्या गावचं एखादं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, इथं काय आहे? आम्ही म्हणायचो, काही नाही, बांगडी तोलून राहिले.

खोलीत ते हसत नसत. हसू यायचं नाही असं नाही, चांगलं यायचं. पण हसण्यात वारा सुटतो ना. तर कोणी काही मजेचं बोललं, की काका तराजूची काच लावायचे, उठायचे, दार उघडून पायरीवर जायचे, तिथं उभं राहून पोटभर हसायचे, आणि आत येऊन पुन्हा बसायचे. तोवर बोलणाऱ्याला आपण काय बोललो याचा विसर पडलेला असायचा.

हातात येईल ते तोलायची त्यांना सवय. माझी मोठी पोरगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले पोरगी दाखव. शांता, म्हणजे माझी बायको, पोरीला घेऊन आली. काकांनी पोरीला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बराबर हाये." बस, एवढंच. घरी येताना शांता मला म्हणाली, "पोरगी गोरी हाये म्हणते माणूस, गुटगुटीत हाये म्हणते. बराबर हाये म्हंजे काय जी?" मला वाटतं काकांनी माणसाबद्दल काढलेला तो सगळ्यात मोठा शब्द होता.

आता पाकिटांचं सांगतो.

धरमकाट्यासमोर बंडूचा पानठेला होता. त्या काळात सुट्ट्या पैशाची मोठी टंचाई. बंडू गिऱ्हाइकाच्या हातावर सुट्ट्याऐवजी काहीही ठेवायचा, गोळी, सुपारी, काडीपेटी. एक दिवस त्यानं काकांच्या हातावर चिंगमची दोन पाकिटं ठेवली. मेणकागदाचं पातळ पाकीट, आत चिंगमची चपटी पट्टी आणि एका क्रिकेट खेळणाऱ्याचा फोटो. शाळेतले पोट्टे ते फोटो जमवायचे. कोणता फोटो निघेल ते पाकीट फोडल्याशिवाय कळायचं नाही. काही थोड्या फोटोंवर सोनेरी मुलामा असायचा. तसला फोटो निघाला तर कंपनी सायकल देणार, असा कागद बंडूच्या ठेल्यावर चिकटवलेला होता.

काकांना क्रिकेटमधलं काहीएक कळत नव्हतं. बंडूच्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री लागली, की ते विचारायचे, "हे काल बी हेच करून राहिले होते ना गा? झालं नाही का अजून?" पण ती दोन पाकिटं त्यांनी आत नेली, आणि सवयच ती, तोलली. थोड्या वेळानं मला हाक आली.

"इकडं ये. हे पाय. हे दोन एकाच डब्यातले ना?"

"हो."

"एकाच कंपनीचे ना?"

"हो ना काका."

"मंग हे याच्याऊन भारी काहून?"

आता मला काय माहीत? मी म्हटलं, फोडून पाहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चप्पल घालून शिरलो आहे.

त्या दिवसापासून काका पाकिटं घ्यायला लागले. सोन्याची वजनं त्यासाठी वापरत नसत, ती कामाची. पाकिटासाठी गुंजेच्या लाल बिया. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की तराजूच्या एका पल्ल्यात पाकीट, दुसऱ्यात गुंजा. खिडकीत कूलर होता, त्याच्या बाजूला भिंतीला लागून एक लाकडी कपाट होतं. त्याच्या एका खणात हलकी पाकिटं, दुसऱ्यात मधली, तिसऱ्यात भारी. कपाट भरत गेलं. फोडलं मात्र एकही नाही.

बंडू त्यांना रोज छेडायचा.

"काका, एक तं फोडा ना."

"कायले?"

"आत कोण हाये ते कळन."

"कळलं का मंग?"

"मंग काय? कळलं."

"अन् मंग त्या पाकिटाचं काय करू?"

"चिंगम खाजा."

"माह्ये दात पाय अन् मंग बोल."

बंडू हरायचा नाही. म्हणायचा, "फोडाचंच नाही तं घेता काहून?"

काका म्हणायचे, "तुह्या ठेल्यावर लोक फोडाले येते. त्याइले एक फोटू भेटते, तो पाहून फेकून देते, अन् दुसरं घेते. मी एकच पाकीट रोज पाहून राहिलो. मले रोज नवं वाटते." मग पायरीवर जाऊन हसायचे.

पण एक गोष्ट ते हसण्यावारी नेत नसत. भारी खणातल्या पाकिटांत सोनेरी फोटो आहे, हे त्यांचं पक्कं मत होतं. सोनं जिथं असेल तिथं वजन असेल, एवढा सरळ हिशेब. तो छापखान्यातला पिवळा रंग आहे, त्यात सोनं कुठून येणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर गल्लीत कोणाच्याच आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही सराफ्यातली माणसं. आम्हाला सोनेरी म्हटलं की सोनं दिसतं, आणि काकांनी तोललं म्हटलं की विषय संपला.

भारी खणातलं एक पाकीट माझ्याकडे आलं, ते असं. तराजूचे पितळी पल्ले काळे पडले होते. काका ते कोणाला घासू देत नव्हते. एक पल्ला जास्त घासला गेला की तराजू कलला. शेवटी मी म्हटलं, मी करतो. म्हणाले, "कललं तं?" मी म्हटलं, कललं तर गल्ली सोडून जातो. खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांच्यासमोर बसून मी दोन्ही पल्ले उजळले, आळीपाळीनं, एक हात याला, एक हात त्याला. अडकवले. काटा मधोमध उभा राहिला. काकांनी दार लावून, पंखा बंद करून, भिंतीकडे माझं तोंड करून पुन्हा पाहिलं. मग कपाटाशी गेले आणि भारी खणातलं एक पाकीट चिमट्यानं उचलून माझ्या हातावर ठेवलं.

"याच्यात हाये," म्हणाले. "पण फोडजो नको. फोडाचंच झालं तं मले सांगून फोडजो."

मी रोज घरून, पारडीहून, पायी यायचो आणि पायी जायचो. सायकल म्हणजे माझ्यासाठी काय होती, हे कोणाला सांगायला नको. शांता तर त्याच दिवशी म्हणाली, "फोडा ना जी. निंगली तं बसून जासान. नाही निंगली तं चिंगम पोट्टीले देऊ." पण माझं मन होईना. मी ते पाकीट कामाच्या खोलीत, भट्टीच्या वर एक कोनाडा होता, त्यात ठेवलं. काम करता करता मान वर केली की दिसायचं. उजेडाला धरून पाहिलं, वास घेऊन पाहिला, कानाशी हलवून पाहिलं. काही कळत नाही. ते बंद होतं तोवर मी सायकलवाला होतो. घरी चालत जाताना कधी कधी मी रस्त्याची कड सोडून मधून चालायचो, सायकल असती तर कुठून घातली असती ते पाहत.

असा चैत्र गेला. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. माझ्या खोलीला टिनाचं छप्पर. दुपारी आत ब्रशची मूठसुद्धा हाताला चटका द्यायची.

मग एक दिवस बंडू म्हणाला, कंपनीचा माणूस येऊन गेला, पंधरा दिवसांनंतर सायकल नाही. आता ठरवणं भाग होतं. मी ठरवलं, फोडतो. पण शब्द दिला होता, म्हणून आधी काकांकडे गेलो.

तिथं शेठजी बसले होते. माझं अर्ध्याहून जास्त काम त्यांच्या दुकानातून यायचं. बांगडी तोलायला आणली होती. बंडू चहा घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, "काका, फोडतो आता. सांगायला आलो."

काका म्हणाले, "फोड. तुह्यं हाये. पण जाता जाता एकदा तोलू दे."

दार लागलं. कूलर बंद झाला. आम्ही तिघं भिंतीकडे वळलो. मागून गुंजा ठेवल्याचा बारीक आवाज येत होता. मग काढल्याचा. मग पुन्हा ठेवल्याचा. मग त्यांनी पल्ले बदलले. कधी नव्हे तो इतका वेळ लागला की शेठजींनी मान वळवून पाहिलं.

"हे कमी हाये," काका म्हणाले.

"कमी म्हंजे?" मी म्हटलं.

"मी देल्लं तवा भारी होतं. आता हलक्यात बी बसत नाही."

"असं कसं होईन काका?"

"ते तू सांग." त्यांचा आवाज चढला नव्हता. वजन सांगायचे त्याच आवाजात बोलत होते. "मेणकागद वाफेवर धरला का उघडते. थंड झाला का चिकटते. तुह्या भट्टीवर रोज पाणी उकळून राहिलं."

मला समजायला वेळ लागला. "मी फोडलं नाही," मी म्हटलं. "फोडलं असतं तं सांगाले कायले आलो असतो?"

"मंग काटा खोटा हाये का?"

त्या गल्लीत काटा खोटा कोणी म्हणत नव्हतं. काटा खोटा म्हटलं तर शेठजींच्या हातातली बांगडी खोटी, तिच्याआधी तोललेलं सगळं खोटं. शेठजी बांगडीकडे पाहत बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. उजळणाऱ्याकडून वस्तू परत आली आणि वजन कमी भरलं, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. ती वस्तू चिंगम होती, याला काही अर्थ नव्हता.

बंडूला वाटलं आपण मदत करावी. म्हणाला, "कायले वाद? फोडा ना आत्ता सगळ्याइच्या समोर. सोनेरी निंगला तं हा खरा."

हे सगळ्यांना पटलं. शेठजींनी मान हलवली. आणि ज्या माणसानं आयुष्यात एक पाकीट फोडलं नव्हतं, ते काका मला म्हणाले, "फोड."

मी पाकीट उचललं आणि खिशात घातलं.

"नाही फोडत," मी म्हटलं.

"काहून?"

"माह्यं इमान चिंगमच्या फोटूवर नाही ठरत काका."

आणि निघून आलो. लोकांना तो माझा ताठा वाटला, आणि होताही. पण त्यात विचारही होता. आतून साधा फोटो निघाला असता, तर मी जन्माचा चोर. सोनेरी निघाला असता तरी वजन कमी का, याचं उत्तर तसंच राहिलं असतं, आणि लोक म्हणाले असते, बेट्याला परत ठेवायची अक्कल आली.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा माणूस आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुकानावर गेलो तर शेठजी गोड बोलले. "सध्या जरा काम कमीच आहे हो. आलं की कळवतो." लग्नसराईत काम कमी. बाकीच्यांनीही हळूहळू हात आखडला. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं, भांडता आलं असतं.

शांता म्हणाली, "फोडून टाका. काय व्हाचं ते होऊ द्या."

"फोडलं का मी खोटा."

"नाही फोडलं का बी खोटेच म्हणून राहिले ना लोक."

"लोक म्हणून राहिले. मी नाही म्हणून राहिलो."

"घर लोकाइच्या कामावर चालते जी," ती म्हणाली आणि आत गेली. बोलणं चुकीचं नव्हतं. पण मी असाच आहे, आताही.

काम नव्हतं तरी मी रोज खोलीवर जाऊन बसायचो. बंद खोली दिसली तर लोक म्हणाले असते, पळाला. बसल्या बसल्या हत्यारं साफ करायला घेतली. लहान हातोडी उचलली, तर तिचं डोकं निसटून पायावर पडलं. दर उन्हाळ्यात पडतं. लाकडी दांडा उन्हानं आकसतो, ढिला होतो. मग तो पाण्यात भिजत घालायचा, फुगतो, डोकं पुन्हा घट्ट बसतं. मी दांडा भांड्यात टाकला, आणि टाकल्यावर तिथंच बसून राहिलो.

काकांची खोली आठवली. खिडकीत कूलर. त्याला वाळ्याचे पडदे, त्यावरून दिवसभर पाणी झिरपतं आहे. खोलीत शिरलं की ओला वास. भिंतीला हात लावला तर गार. आणि त्या भिंतीला टेकून कपाट. कपाटात पाकिटं. मेणकागद असला तरी शेवटी कागदच, ओल धरणारा, आणि आतला फोटो पुठ्ठ्याचा. आणि माझी खोली टिनाची, भट्टीची, हातोडीचा दांडा सुकवून टाकणारी.

उठलो आणि तसाच धरमकाट्यावर गेलो. धरमकाट्याच्या गादीचा एक नियम होता. वजनावर कोणाचा वाद असेल तर त्यानं पुन्हा तोलून मागायचं, आणि काट्यावर बसलेल्या माणसाला नाही म्हणता यायचं नाही. माझ्या आठवणीत ते कोणी मागितलं नव्हतं.

"काका, मले पुन्हा तोलून पाह्यजे."

"आण."

"माह्यं नाही. तुमच्या कपाटातलं. तुमच्या हातानं काढा, तोला, अन् उद्यापर्यंत माह्या खोलीत ठेवा. कुलूप तुमचं. मी आत पाय ठेवत नाही. उद्या पुन्हा तोला."

कूलर चालू होता. पडद्यावरून पाणी टपकत होतं, आणि काका त्या पाण्याकडे पाहत होते. मी पुढचं सांगणार होतो, हातोडीचं, दांड्याचं, पण सांगावं लागलं नाही. आयुष्यभर तोललेला माणूस. त्यांनी डोळ्यांनीच कूलरपासून कपाटापर्यंतचं अंतर मोजलं. कूलरच्या बाजूचा खण भारी पाकिटांचा होता. दूरचा खण हलक्यांचा.

"तुह्यं खरं निंगलं," ते हळूच म्हणाले, "तं हे कपाट..."

त्या घडीला ते मला म्हणू शकत होते की चिंगमसाठी गादीचा नियम लागत नाही. कोणी नाव ठेवलं नसतं. मीच एकटा उरलो असतो, आणि एक उजळणारा कमी झाला म्हणून सराफा बंद पडत नाही.

"मांगाचा हक हाये तुले," काका म्हणाले. "शेठजीले बलाव. बंडूले बी."

दोघांसमोर त्यांनी भारी खणातलं पाकीट काढलं, तोललं, वजन मोठ्यानं सांगितलं. मग माझ्या खोलीत आले. दोरा बांधून आढ्याला आपल्या हातानं लटकवलं. भट्टी विझलेली होतीच. दाराला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी सबंध दुपार बंडूच्या ठेल्यासमोर बसून काढली, म्हणजे मी कुठं आहे हे सगळ्यांना दिसावं. बंडू म्हणाला, "उद्या त्यातून पापड निंगन भाजलेला." मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं. काकांनी दोरा कापला, पाकीट चिमट्यात धरून गल्लीतून चालत आणलं. मागे आम्ही. बाजूच्या दुकानांतलीही माणसं उठून आली होती. दार लागलं, कूलर बंद. पण या वेळी कोणी भिंतीकडे वळलं नाही, आणि काकांनीही सांगितलं नाही.

पाकीट हलकं होतं. पल्ले बदलले, हलकंच होतं.

काकांनी काच लावली, उठले, दार उघडून पायरीवर गेले. आम्हाला वाटलं, आता हसण्याचा आवाज येईल. आला नाही. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मग वजन सांगायचे त्याच आवाजात, पण जरा मोठ्यानं, म्हणाले, "मी याले जे बोललो ते गलत होतं. यानं पाकीट फोडलं नव्हतं. काटा खरा हाये, मी गलत होतो."

आत येऊन जागेवर बसले. शेठजींनी खिशातून एक बांगडी काढली, तिथंच तोलून घेतली आणि माझ्या हातात दिली. "उद्या संध्याकाळपर्यंत द्या," म्हणाले. काम कमी आहे ते विसरले असावेत.

बंडूला राहवलं नाही. "आता तं सारेच फोडा काका. आता कोणतं भारी, कोणतं हलकं, कोणाले कळते?"

काकांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि दिवस असतानाच दार लावून घेतलं. आतून खण ओढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मी पायरीवर थोडा थांबलो होतो. काय करून राहिले असतील? फोडत असतील का? माझ्यामुळे फोडत असतील तर?

घरी शांताला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, बांगडी पाहिली, देवापुढे ठेवली. मग म्हणाली, "चांगलं झालं. आता आपलं फोडा. तारीख उद्यापर्यंतच हाये ना?"

मी खिशातून पाकीट काढलं. इतके दिवस खिशात राहून त्याचे कोपरे दुमडले होते. आत कोण आहे ते जाणून घ्यायची इच्छा मेली नव्हती, उलट जास्तच झाली होती. अंगठ्याचं नख कागदाच्या घडीत घातलंसुद्धा. मग काढलं.

"काहून?" शांतानं विचारलं.

"सांगतो उद्या," मी म्हटलं. पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी गल्लीत पोचलो. धरमकाट्याला कुलूप. बंडू ठेला उघडत होता. त्यानं नुसतं बोट वर केलं. मी बाजूच्या जिन्यानं गच्चीवर गेलो. गच्चीभर चादर अंथरलेली, आणि चादरीवर कपाटातली सगळी पाकिटं, ओळीनं, एकालाही दुसरं टेकलेलं नाही. काका ओला दुपट्टा डोक्याला बांधून मधोमध बसले होते, हातात कावळे हाकायची काठी. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"सारे एकसारखे वाळू दे," मला पाहून म्हणाले. "मंग पयल्यापासून तोलतो."

"उन्हात नाही काका," मी म्हटलं. "आतलं पाघळन. सावलीत वाळवा."

त्यांनी पाकिटांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि उठले. आम्ही चादरीची दोन दोन टोकं धरली आणि एकही पाकीट न हलवता ती जिन्याच्या भिंतीच्या सावलीत नेली. मग मी खिशातून माझं पाकीट काढलं आणि शेवटच्या ओळीत ठेवलं.

"ते ठेवू नको," काका म्हणाले. "मंग तुह्यं कोणतं ते वळखू नाही येणार."

"नाही येऊ द्या."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग चिमट्यानं त्या पाकिटाचे दुमडलेले कोपरे सरळ केले, ते ओळीत नीट बसवलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"बस," म्हणाले. "मी बंडूले चहा सांगून येतो. कावळ्याइकडं लक्ष ठेवजो."

आणि सगळी पाकिटं माझ्यापाशी सोडून ते जिना उतरून गेले. मी काठी घेऊन बसलो.